ली नदीवरची 'तिसरी ताई': यांगशुओमधली एक रात्र

वाईची_लेक (मूळ धागा)

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आईला घेऊन धाकट्या भावाकडे शेनझेनला गेले होते. तिथून आम्ही तिघं दोन रात्रींसाठी यांगशुओला जाऊन आलो. तिथे नदीवर रात्री जो खेळ बघितला तो अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. खेळ सुटल्यावर आई एक वाक्य बोलली, तेही तितकंच मनात बसलंय. म्हणून हा धागा.

आधी गाव सांगते. यांगशुओ हे दक्षिण चीनच्या ग्वांगशी प्रदेशातलं, ली नदीच्या काठचं गाव. गुइलिन शहरापासून नदीने साधारण ८३ किलोमीटर खाली. गाव म्हणायचं, पण आता हॉटेलं, दुकानं, रोषणाई सगळं आहे. त्या रोषणाईच्या मागे मात्र चुनखडीचे डोंगर उभे आहेत. आपल्या सह्याद्रीसारखी सलग रांग नाही, एकेक सुटा डोंगर थेट भाताच्या खाचरातून वर उठलेला. आई बघताक्षणी म्हणाली, "कुणी पिंडी मांडून ठेवल्यात गं!" चीनच्या वीस युआनच्या नोटेवर मागच्या बाजूला जे चित्र आहे ते याच नदीचं, जवळच्या शिंगपिंग गावापाशी दिसणारं. तिथले लोक म्हणतात, गुइलिनची निसर्गशोभा जगात पहिली आणि यांगशुओची गुइलिनात पहिली.

आम्ही गेलो तेव्हा हवेत एक गोडसर वास भरून राहिला होता. थोडा बकुळीसारखा, थोडा जर्दाळूसारखा. भाऊ म्हणाला, हीच ती 'गुइ'ची फुलं. गुइलिन म्हणजे गुइच्या झाडांचं वन. फुलं इतकी बारीक की झाडाखाली उभं राहूनही आधी दिसत नाहीत, वासच सांगतो. आईने रुमालात चार फुलं बांधून घेतली.

खेळाचं नाव 'इंप्रेशन लिऊ सानजिए'. सान म्हणजे तीन आणि जिए म्हणजे ताई. लिऊ घरातली तिसरी ताई. भावाने बसमध्येच आईला गोष्ट सांगितली होती: ही एक गरीब घरची गाणारी पोर, गाण्यातून कोडी घालायची, समोरच्याने गाण्यातूनच उत्तर द्यायचं, आणि तिला कुणी हरवू शकलं नाही. आई लक्ष देऊन ऐकत होती. माझी आई बहात्तर वर्षांची, वाईजवळच्या खेड्यातली, जात्यावर बसून दळलेली. तिच्या पाठ ओव्यांची मोजदाद आम्ही कधी केलेली नाही.

बसायची जागा नदीकाठी, भाताच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतासारखी. रंगमंच असा नाहीच, नदी हाच रंगमंच. दीड चौरस किलोमीटरहून जास्त पाणी आणि मागे बारा डोंगर. सुरुवातीला सगळे दिवे मालवले. इतका मिट्ट काळोख की शेजारी बसलेली आईसुद्धा दिसेना, फक्त पाण्याचा ओला वास येत होता. आणि मग एकदम समोरचे डोंगर उजळले. आपण इतका वेळ डोंगरांच्या पुढ्यात बसलो होतो हे तेव्हा कळलं. आईने माझा हात घट्ट धरला.

पुढे एकेका रंगाचा प्रवेश. लाल, हिरवा, सोनेरी, निळा, चंदेरी. सगळे सांगत बसत नाही, पण लालबद्दल लिहायलाच हवं. कोळी आपापल्या बांबूच्या तराफ्यांवर उभे, ओळीच्या ओळी, आणि त्यांच्या हातात नदीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेले लाल कापडाचे लांबच लांब पट्टे. ते पट्टे पाण्यावर पडतात, ताणले जातात, उचलले जातात. नऊवारी वाळत घालताना दोघी दोन टोकं धरून कशी झटकतात, अगदी तसा झटका. तो झटका कापडातून लाटेसारखा धावत जातो, आणि अख्खी नदी लाल होऊन हलायला लागते. पट्टे ओढताना माणसं मागे रेलतात, तराफे कलतात, तरी कुणाचा पाय सरकत नाही. ही जन्मभर पाण्यावर उभी राहिलेली माणसं आहेत हे त्या पायांवरून कळतं.

हिरव्या प्रवेशात बायका नदीवर धुणं धुतात, म्हशी पाण्याकाठाने घरी जातात, पोरं पळतात. सोनेरीत काळोखात कोळ्यांचे दिवे आणि तराफ्यांवर बसलेले पाणकावळे. चंदेरीत शेकडो मुली अंगावर दिवे लावून पाण्यावरून रांगेने चालत येतात, दिवे विझतात, पुन्हा लागतात, आणि रांग काळोखात हरवून दुसरीकडेच उगवते.

साधारण तासाभराचा खेळ. संपायच्या आधीच अर्धे लोक गाड्या गाठायला उठले, ते फार लागलं मनाला. समोर माणसं पाण्यात उभी राहून गातायत आणि आपण पाठ फिरवतोय. आम्ही शेवटपर्यंत बसलो. बाहेर पडताना आईला विचारलं, कसं वाटलं? ती थोडा वेळ गप्पच होती. मग म्हणाली, "लई चांगलं झालं. पर येवढं गायली ती, आपल्याला काय इचारलं न्हाई."

तेव्हापासून याच वाक्याशी अडकले आहे. कुणी हा किंवा असा खेळ बघितला असेल तर सांगा. तुम्हाला काय वाटलं?

रानवाट

सुरेख लिहिलंय ताई. लाल पट्ट्यांचं वर्णन वाचताना आजीचं अंगण आठवलं. आम्ही चौघं एप्रिलमध्ये जायचा विचार करतोय. पाऊस आला तर खेळ रद्द होतो का? तिकीट कसं काढायचं?

वाईची_लेक

धन्यवाद रानवाट. तिकिटाचं सगळं भावाने केलं, मला फक्त पासपोर्ट जवळ ठेवायला सांगितलं होतं. पावसाचं शेनझेनकर सांगतील, ते बरीच वर्षं तिथे आहेत.

शेनझेनकर

हो, मी चार वेळा बघितलाय. पाहुणे आले की नेतोच.

रानवाट, एप्रिल ते जून हा तिथला पावसाचा हंगाम. रिमझिम असेल तर खेळ होतो. छत्री उघडू देत नाहीत, मागच्याला दिसत नाही म्हणून, त्यामुळे रेनकोट हवा. जोराचा पाऊस किंवा नदीला पूर असेल तर बंद. बंद म्हणजे बंद, कारण नदीच रंगमंच आहे. २०२४ च्या जूनमध्ये गुइलिनला मोठा पूर आला होता, १९९८ नंतरचा सर्वांत मोठा. नदीचं पाणी शहरात शिरलं होतं. तेव्हा दोन दिवस हातात राखून जा, पहिल्या रात्री नाही जमलं तर दुसऱ्या रात्री जमेल. सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा काळ उत्तम. फक्त १ ते ७ ऑक्टोबर टाळा, राष्ट्रीय सुट्टी असते, पाय ठेवायला जागा नसते. गर्दीच्या दिवसांत एकाच रात्री एकापाठोपाठ दोन खेळ होतात.

शेनझेनहून थेट वेगवान रेल्वे आहे, तीन-साडेतीन तास. यांगशुओ स्टेशन गावात नसून शिंगपिंगजवळ आहे, तिथून बसने आणखी तासभर धरा.

एक कळकळीने सांगतो. पहिल्या वेळी मला एका दलालाने 'स्वस्तातलं तिकीट' म्हणून गाठलं होतं. पैसे घेऊन त्याने आम्हाला अंधारातून शेताच्या बांधावरून चालवत नेलं आणि दूरच्या एका काठावर उभं केलं. तिथून दिवे दिसत होते, माणसं दिसत नव्हती. बरोबर माझे सत्तरीचे वडील होते, त्यांना त्या बांधावरून चालवलं याचं मला आजही वाईट वाटतं. रस्त्यावर कुणाकडूनही तिकीट घेऊ नका. ठरलेल्या खिडकीवर किंवा हॉटेलच्या काउंटरवरच घ्या, आणि खुर्चीचा क्रमांक छापलेला आहे ना ते बघा.

मोगरा७२

वाचतेय. आईंना माझा नमस्कार सांगा. रुमालातली फुलं अजून आहेत का?

वाईची_लेक

आहेत. सुकून तपकिरी झालीत, वास आहे अजून. आईने देवघरात ठेवलीत.

सह्यभटक्या

लेख आवडला, तरी माझं मत वेगळं आहे आणि ते प्रामाणिकपणे मांडतो.

मी २०१८ ला गुइलिन-यांगशुओ सायकलवर फिरलो. खेळ मुद्दाम बघितला नाही. ज्या डोंगरांवर रात्री काळोख असायला हवा त्यांच्यावर रोज प्रखर दिवे टाकायचे हे मला पटत नाही. त्या डोंगरांत वटवाघळं आहेत, पक्षी आहेत, नदीत मासे आहेत. हा सगळा चुनखडीचा प्रदेश म्हणजे जागतिक वारसा आहे. दक्षिण चीनचा चुनखडी प्रदेश २००७ मध्ये यादीत आला आणि गुइलिनचा भाग २०१४ मध्ये त्याला जोडला गेला. वारशाला झुंबर लावून दाखवायची गरज नसते.

दुसरं पाणकावळ्यांचं. पूर्वी त्यांच्याकडून खरोखर मासेमारी व्हायची. पक्ष्याच्या गळ्याला दोरी बांधायची, म्हणजे मोठा मासा त्याला गिळता येत नाही, तो आणून देतो. आता शिंगपिंगच्या काठावर पांढऱ्या दाढीचे म्हातारे खांद्यावर बांबू आणि बांबूवर दोन पक्षी घेऊन उभे असतात. फोटो काढा, पैसे द्या. मी एका आजोबांजवळ तासभर बसलो होतो. नदीकडे त्यांचं लक्षच नव्हतं, लक्ष सगळं उतरणाऱ्या बोटींकडे. मला फार उदास वाटलं. एक जगण्याची रीत नुसती दाखवायची वस्तू झाली की तिच्यात काय उरतं?

वाईची_लेक

सह्यभटक्या, तुमचा दिव्यांचा मुद्दा मला मान्य आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पण माणसांबद्दल थोडं वेगळं वाटतं. त्या खेळात सुमारे सहाशे कलाकार आहेत आणि त्यातले बरेचसे नदीकाठच्या खेड्यांतले कोळी-शेतकरी. दिवसा शेत, मासे, तराफे आणि रात्री खेळ. पोटासाठी शहरातल्या कारखान्यात जायच्या ऐवजी ते घरी राहिलेत. आमच्याकडे खेड्यातली निम्मी घरं बंद आहेत, पोरं पुण्या-मुंबईला. त्यामुळे गावातला माणूस गावातच राहून, स्वतःच्या नदीवर उभा राहून पैसे मिळवतो, हे मला मोठं वाटतं. त्यांचं काम दाखवण्यापुरतं उरलं असेल, पण तराफ्यावर उभं राहायची त्यांच्या पायांची सवय खरीच आहे.

पडद्यामागे

मी मराठी नाटकांची प्रकाशयोजना करतो, त्यामुळे माझं लक्ष वेगळीकडेच. २०१५ ला बघितला होता हा खेळ.

ताई, तुम्ही सुरुवातीच्या काळोखाबद्दल लिहिलंत ते फार नेमकं आहे. नाट्यगृहात आम्ही काळोख करतो तो दहा सेकंदही पूर्ण नसतो. दाराच्या फटी, बाहेर जायच्या पाट्या, कुणाचा तरी मोबाईल. तिथे नदीकाठचा खराखुरा काळोख मिळतो आणि त्यांनी तो घाई न करता वापरलाय. डोळे काळोखाला सरावेपर्यंत थांबायचं आणि मगच डोंगरावर प्रकाश टाकायचा, म्हणजे थोड्या प्रकाशातही डोंगर अंगावर येतो. दुसरी गोष्ट पाण्याची. पाण्यावर पडणारा प्रत्येक दिवा दुप्पट होतो. सोनेरी प्रवेशात कोळ्यांच्या हातात जेवढे दिवे तेवढेच पाण्यात. वाऱ्याची झुळूक आली की खालचे दिवे मोडतात, वरचे तसेच राहतात. मी माझ्या खुर्चीत बसून त्या खालच्या दिव्यांकडेच बघत होतो.

थोडी माहिती: हा खेळ २००४ च्या मार्चपासून रीतसर सुरू झाला. कल्पना मेई श्वाइयुआन यांची, दिग्दर्शक तिघं, झांग यिमोउ, वांग चाओगे आणि फान युए. झांग यिमोउ म्हणजे सिनेमाचे मोठे दिग्दर्शक, २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकचा उद्घाटन सोहळा त्यांचाच. उघड्यावर, खऱ्या डोंगर-नदीवर एवढा मोठा खेळ उभा करायची पद्धत चीनमध्ये इथून रुळली. मग लीज्यांगला हिमशिखराच्या पायथ्याशी, हांगचौला पश्चिम सरोवरावर, वूयीशानला नदीकाठी असे एकेक होत गेले. वूयीशानला तर प्रेक्षकांची बैठकच गोल फिरते. मी तिथेही गेलोय. पण यांगशुओचा साधेपणा नंतरच्या खेळांत नाही असं माझं मत. तिथे यंत्र वाढलं. यांगशुओला लाल कापड, हात आणि पाणी, एवढंच आहे.

सह्यभटक्या, दिव्यांबद्दल तुम्ही म्हणता ते धंद्यातला माणूस म्हणून मलाही खुपतं. खेळाचा तास सोडून बाकी रात्र तिथे एकही दिवा नसावा, असं मला वाटतं.

सह्यभटक्या

हे आवडलं. वाईच्या लेकीचा पायांचा मुद्दाही लक्षात ठेवतो.

अक्षरवेडी

लिऊ सानजिएबद्दल थोडं लिहिते. चिनी शिकताना मी हिच्या गोष्टींच्या नादी लागले होते.

ती मूळची झुआंग लोकांची. ग्वांगशी हा त्यांचाच स्वायत्त प्रदेश आणि झुआंग हे चीनमधल्या अल्पसंख्य समाजांत संख्येने सर्वांत मोठे. दंतकथा तिला तांग राजवटीच्या काळातली मानते. तिथला जमीनदार मो हुआइरेन याला तिची गाणी झोंबायची, कारण ती गाण्यातून त्याची लबाडी चव्हाट्यावर आणायची. त्याने तिला गप्प बसवण्यासाठी गाण्याची पैज लावली. स्वतःला गाता येत नव्हतं म्हणून तीन पंडित भाड्याने आणले. पंडित आले ते होडीत गाण्यांच्या पोथ्या भरून. ती एकेक सवाल टाकायची आणि हे पोथ्या उलगडत बसायचे, पानं सापडेपर्यंत तिचा पुढचा सवाल तयार. सवाल कसले, तर फळांवर, पक्ष्यांवर, नांगरटीवर, पाण्यावर. रोजच्या जगण्यातले. पंडित हरले आणि पोथ्या निरुपयोगी ठरल्या. तिचं म्हणणं असं की गाणं मनातून येतं, होडीत भरून आणता येत नाही.

या गोष्टीवर १९६० मध्ये सिनेमा निघाला आणि सानजिए चीनभर घरोघरी पोचली. त्यात ती आपल्या आवडत्या तरुणाला भरतकाम केलेला चेंडू देते, तो प्रसंग यांगशुओजवळच्या महाकाय वडाखाली आहे. तो वड चौदाशे वर्षांचा सांगतात, आजही तिथे आहे. लिऊचौ शहरात दुसरी कथा ऐकायला मिळते: ती डोंगराखालच्या डोहात उतरली आणि एका मोठ्या माशावर बसून स्वर्गात गेली. त्या टेकडीचं नावच 'मत्स्यशिखर'.

आईंच्या वाक्याबद्दल. झुआंग लोकांत चांद्र तिसऱ्या महिन्याच्या तृतीयेला गाण्यांचा सण असतो. तिकडच्या भाषेत 'तीन महिना तीन'. डोंगराच्या दोन बाजूंना किंवा ओढ्याच्या दोन काठांना पोरं-पोरी उभी राहतात आणि गाण्यातून एकमेकांना विचारतात. तिथे प्रेक्षक असा वेगळा नसतोच. ज्याला उत्तर सुचलं त्याने गायचं. म्हणजे तुमच्या आईंनी एका वाक्यात जे पकडलं ते फार आतलं आहे.

खाडीकाठचा

अक्षरवेडी, पोथ्यांच्या होडीची गोष्ट वाचून अंगावर काटा आला. कारण हे आमच्याकडे मी लहानपणी बघितलंय.

दापोली-गुहागरकडे शक्ती-तुरा. घाटावर ज्याला कलगी-तुरा म्हणतात तेच. कलगीवाले शक्तीला थोर मानणारे, तुरेवाले शिवाला. देवळासमोरच्या मांडवात रात्री दोन बाऱ्या समोरासमोर बसायच्या. गण व्हायचा, गवळण व्हायची, आणि मग एका बाजूचा बुवा सवाल टाकायचा. पुराणातला, नाहीतर कोडं. समोरच्या बुवाने ढोलकी थांबायच्या आत त्याच चालीत जबाब बांधायचा. माझे चुलत आजोबा शाळेत दुसरीच्या पुढे गेले नाहीत. पण मांडवात बसले की पाच-पाच कडव्यांचा जबाब जागेवर रचायचे. आणि मांडवातला कुणीही मध्येच उठून 'बुवा, हे चुकलं' म्हणू शकायचा. आम्ही पोरंसुद्धा मनातल्या मनात उत्तर शोधत बसायचो. मला तर झोपेतही ढोलकी ऐकू यायची.

म्हणून काकूंना जे जाणवलं ते मला लगेच कळलं. सवाल पडला की ऐकणाऱ्याच्या पोटात काहीतरी हलतं. तो आपल्याला विचारलेला असतो.

शेनझेनकर

खाडीकाठचा, काय लिहिलंत! आजोबांचे जबाब कुणी उतरवून ठेवलेत का?

मूळ विषयावर: एक गोष्ट राहिली. चंदेरी प्रवेशातल्या बऱ्याच मुली दोंग समाजाच्या, डोंगरातल्या खेड्यांतून आलेल्या. तिथे त्यांच्यासाठी कलाशाळा आहे, दिवसा शिक्षण आणि रात्री खेळ. दोंग लोकांचं समूहगान युनेस्कोच्या यादीत २००९ पासून आहे. त्यात ना वाद्य, ना कुणी हात हलवणारा संचालक, तरी अनेक आवाज वेगवेगळ्या पट्ट्यांत एकत्र चालतात. खेळाच्या जागेजवळ दोंग पद्धतीचे लाकडी नगारामनोरे आहेत, तेही नक्की बघा. लाकडात लाकूड अडकवून उभे करतात, खिळा वापरत नाहीत. दिवसाउजेडी गेलात तर सुताराचं काम नीट दिसतं.

खाडीकाठचा

नाही उतरवले. एक वही होती, ती पुरात गेली. काही कडवी माझ्या काकांना येतात. या मे महिन्यात गावी गेलो की बसतो त्यांच्यासमोर.

मोगरा७२

नक्की बसा दादा. पुढे ढकलू नका.

वाईची_लेक, तुम्ही दोन रात्री होतात म्हणालात. दुसऱ्या दिवशी काय केलंत? आई आणखी काही बोलल्या का?

वाईची_लेक

बोलली. तेच लिहायचं होतं, पण आधी तुमचं ऐकावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी युलोंग नदीवर गेलो. ही ली नदीला मिळणारी छोटी नदी. ली नदीवरचे बरेच तराफे आता प्लास्टिकच्या नळ्यांचे आणि मोटरवाले आहेत. युलोंगवर मात्र बांबूचे, आणि नावाडी लांब काठीने रेटतो. एका तराफ्यावर दोन माणसं. आई आणि मी एकावर, भाऊ शेजारच्यावर एकटा. दोन्ही तराफे लगटून चालले होते. पाणी नितळ, तळाचं शेवाळ एका दिशेला विंचरल्यासारखं. धुकं डोंगरांच्या कमरेला. काठावर एक म्हैस पाण्यात डुंबत होती, तिच्याकडे बघून आई म्हणाली, "हिला काय, वाईची काय न चीनची काय."

आमचा नावाडी पन्नाशीचा. भावाने त्याला विचारलं, तर तो काही वर्षं रात्रीच्या खेळात होता. लाल पट्टे ओढणाऱ्यांत. हिवाळ्यात पाणी अंगावर उडायचं, हात बधिर व्हायचे, तरी त्या ओळीत उभं राहायला आवडायचं, असं तो म्हणाला. मग गुडघा दुखायला लागला म्हणून सोडलं. मी त्याच्या पायांकडे बघितलं. ओल्या बांबूवर अनवाणी, बोटं पसरलेली.

थोडं पुढे गेल्यावर काठावर एक बाई भाजी धूत बसली होती. पालकासारखी पानं, टोपलीत. नावाड्याने तिच्याकडे बघून एकदम गळा मोकळा केला आणि दोन ओळी गायला. मला वाटलं आमच्यासाठी, पर्यटकांसाठी गातोय. पण त्या बाईने मान वरही न करता, हातातली पानं झटकत, दोन ओळी परत केल्या. तो हसला. शेजारचा नावाडीही हसला. भाऊ म्हणाला, त्यांची बोली वेगळी आहे, अर्धंच कळलं. त्याने विचारलं की एवढी भाजी कुणासाठी, आणि ती म्हणाली की काठीकडे लक्ष दे, पाण्यात पडशील.

आई सरळ होऊन बसली. मला म्हणाली, "हे बघ. हे खरं." आणि मग, मला कल्पनाही नव्हती, तिने सूर लावला. जात्यावरचा, तोच संथ, ओढ घेत जाणारा:

"देस परका गं बाई, पानी वळखीचं वाटं
माज्या किष्णामाईवानी, हितं पायरीचा घाट"

(खरंच काठाला दगडी पायऱ्या होत्या. वाईला घाटावर कृष्णाबाईच्या उत्सवात आई लहानपणी आत्याबरोबर बसायची, त्याच तिला दिसल्या असणार.)

नावाड्याने काठी पाण्यातून काढली. तराफा आपसूक वाहू लागला. तो वळून आईकडे बघत होता. भाजीवाली बाईसुद्धा उठून उभी राहिली. कुणीच काही बोललं नाही, आणि मग त्याने त्याच्या चालीत दोन ओळी आईला म्हटल्या. आईलाच. भावाने ओरडून सांगितलं, "आई, तो विचारतोय कुठल्या डोंगरातून आलात!"

आईने एक क्षण विचार केला. तिचं ओठ हलणं मी बघत होते. घरी दळताना असंच हलायचे.

"कुटल्या डोंगराची म्हनं, इचारतो गं नावाडी
म्हाबळेसराच्या पायाशी, माजी किष्णाकाठी वाडी"

अक्षरवेडी

ताई, डोळे भरून आले. 'म्हाबळेसराच्या पायाशी'... ही ओवी आईंनी तिथल्या तिथे रचली?

वाईची_लेक

हो, तिथल्या तिथे. नंतर विचारलं तर म्हणाली, त्याने विचारलं म्हणून सुचली.

खाडीकाठचा

काकूंना साष्टांग. बारीत असत्या तर समोरच्या बुवाला घाम फुटला असता.

पडद्यामागे

रेकॉर्ड केलंत का कुणी?

वाईची_लेक

भावाने दुसरी ओवी निम्मी पकडलीय. युलोंगवर छोटे छोटे बांध आहेत, त्यांवरून तराफा घसरत खाली उतरतो. 'किष्णाकाठी' म्हणेपर्यंत बांध आला, पुढचं नाक पाण्यात गेलं, आणि रेकॉर्डिंगमध्ये नुसता पाण्याचा आवाज आहे, मग नावाड्याचं हसणं, आणि त्यामागून आईचं 'वाडी'. काल तिला ते ऐकवलं. तिने तीन वेळा लावायला सांगितलं आणि विचारलं, तो पुढे काय म्हणाला होता ते भावाला विचारशील का. भावालाही कळलं नव्हतं. शेनझेनकर, तुमच्या ओळखीत गुइलिनकडची बोली येणारं कुणी आहे का? आवाजाची फाईल पाठवते. आईने उत्तर द्यायचं म्हणून वहीत एक पान मोकळं ठेवलंय.